विचारलं तर सांगते

इंदुरात सकाळी सहाला दाराची बेल वाजली तर ती एक दूधवाल्याची, नाही तर माझी. मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग हा माझा भाग, म्हणजे इंदूरचा मराठी भागच म्हणा. लॅबने तो मला मुद्दाम दिलाय. मराठी बोलणारी बाई आली की आजी-आजोबांची नस लवकर सापडते, असा त्यांचा समज आहे आणि तो काही अगदीच खोटा नाही.

आडनाव ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘मूळचे कुठले तुम्ही?’ मी म्हणते, नगरचे. मग चेहरे खुलतात, कारण अहिल्यादेवींचं चौंडी नगर जिल्ह्यातलं, आणि इंदूरच्या मराठी माणसाला तेवढा धागा पुरतो. ‘म्हणजे होळकरांबरोबर आलेले का?’ नाही हो, आजोबा रेल्वेबरोबर आले. एवढं बोलून होईतो मी दंडाला पट्टा बांधायला वाकलेली असते, मंगळसूत्र पुढे लोंबतं आणि दोन वाट्यांच्या मधला छोटा क्रूस दिसतो. मग थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही. ‘अच्छा, तुम्ही ख्रिश्चन?’

इथून पुढे जे काही होतं त्याला आमच्या चर्चच्या मंडळीत ‘साक्ष देणं’ म्हणतात. पाळकसाहेब उपासनेत अधूनमधून विचारतातही, या आठवड्यात कोणाकोणाला प्रभूबद्दल सांगितलंत? पुढच्या बाकांवरची तरुण मंडळी हात वर करतात. माझा मुलगाही करतो. त्याने मोबाइलवर बायबलच्या वचनाचं स्टेटस ठेवलेलं असतं आणि ते किती जणांनी पाहिलं हे त्याला तोंडपाठ असतं. मी हात वर करत नाही. रोज अनोळखी घरांत शिरणारी मंडळीतली मी एकटीच असेन, तरी नाही. मला या बाबतीत बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय पटतो. तुमच्या आशेचं कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या, असं तो लिहितो. उपदेशात ‘तयार असा’ यावर जोर असतो. माझं लक्ष नेहमी ‘जो कोणी विचारील’ याकडे जातं. पेत्राने धरून चाललंय की आधी कोणीतरी विचारणार. न विचारणाऱ्याचं काय करायचं हे त्याने त्या ओळीत सांगितलेलं नाही आणि मीही ते ओढूनताणून काढत नाही.

माझ्या धंद्यात तर हे जास्तच पाळावं लागतं. समोरचा माणूस उपाशीपोटी, अंथरुणातून नुकता उठलेला, बाही वर केलेली, मूठ आवळलेली. सुई माझ्या हातात. आधी लाल झाकणाची ट्यूब, मग जांभळी, मग साखरेची राखाडी. हा क्रम चुकवून चालत नाही, कारण एका ट्यूबमधलं औषध दुसरीत गेलं तर रिपोर्ट बिघडतो. जांभळी हलकेच उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. त्या दोन-तीन मिनिटांत माणूस माझ्या पूर्ण ताब्यात असतो, आणि बरेचदा घाबरलेला असतो. गाठ तपासून यायची असते, बायोप्सी ठरलेली असते. अशा माणसापुढे देवाचा विषय मी होऊन काढला तर तो मान डोलावेलच; दुसरं करणार काय? म्हणून माझा नियम असा: दंडाला पट्टा असेपर्यंत त्याने विचारलं तरी मी ‘सांगते, आधी हे होऊ दे’ म्हणते. कापसाचा बोळा दाबला, हात दुमडून झाला, तो खुर्चीत नीट टेकून बसला, की मग तो मला ‘चला आता, उशीर होतोय’ म्हणू शकतो. त्याला तसं म्हणता येत असेल तरच माझ्या बोलण्याला अर्थ.

बहुतेक लोक विचारतात ते येशूबद्दल नसतंच. तुम्ही गोमांस खाता का? तुमच्याकडे मूर्ती असतात की नसतात? (कॅथलिकांच्या लाल चर्चमध्ये असतात, आमच्यात नसतात, हे सांगताना निम्मी सकाळ जाते.) केक बिनअंड्याचा मिळतो का? आणि जरा सलगी झाली की, तुम्हाला बाहेरून पैसे येतात म्हणे? मला पूर्वी वाटायचं, हे सगळं मुद्द्याच्या बाहेरचं. आता वाटतं की मुद्दा इथेच आहे. ज्याला माझ्याबद्दल एवढ्या शंका आहेत, त्याच्याशी मी थेट तारणावर बोलायला लागले तर ते त्याच्या कानात शिरेल कशाला? गोमांसाचं खरं उत्तर द्यायचं, हसत द्यायचं आणि पैशाच्या प्रश्नाला चिडायचं नाही.

पैशाच्या प्रश्नाला माझ्याकडे आकड्यातलं उत्तर आहे. अनुसूचित जातींचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यात अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू; १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. माझे पणजोबा नगरकडचे, गावकुसाबाहेरचे. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मिशनच्या शाळेत त्यांना बाकावर बसवलं, हातात पाटी दिली. म्हणून ते ख्रिस्ती झाले की ख्रिस्त पटला म्हणून झाले, हे मला सांगता येणार नाही. बाकावर बसवणं हेच त्यांना पहिल्यांदा कळलेलं ख्रिस्ताचं रूप असेल तर दोन्ही एकच झालं. पण त्यांच्या पणतीला सरकारी नोकरीत अनुसूचित जातींचं आरक्षण नाही, हे नक्की. तेव्हा ‘तुम्हाला काय मिळालं’ असं कोणी विचारलं की मी आधी काय गेलं ते सांगते. एक काकू हे ऐकून बराच वेळ सोफ्याच्या कव्हरची सुरकुती सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग परत का नाही येत?’ हा खरा प्रश्न. एवढ्या वर्षांत माझ्यापाशी आलेल्या प्रश्नांत हा सर्वांत चांगला. कारण त्याचं उत्तर पणजोबांवर ढकलता येत नाही, शाळेवर नाही, विहिरीवर नाही. तिथे मला माझ्याच तोंडाने सांगावं लागतं की मी रात्री कोणापाशी बोलते आणि का.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. जात चर्चमध्ये आली की दाराबाहेर चपला काढून येत नाही. आमच्यातही ब्राह्मण ख्रिस्ती आणि बाकीचे ख्रिस्ती असं होतं, लग्नं जुळवताना अजून निघतं. हे मी सांगते तेव्हा समोरच्याचा माझ्यावरचा विश्वास कमी होत नाही, वाढतो, असा अनुभव आहे. पाळकसाहेबांना हे फारसं आवडत नाही.

ना. वा. टिळकांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. कोकणातले ब्राह्मण, कवी, नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा माणूस. दोघांचं बोलणं सुरू झालं ते कवितेवरून. उतरताना त्या माणसाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला, वाचा म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला म्हणे. टिळक मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. चर्चमध्ये ही गोष्ट सांगतात ती ‘बघा, एका पुस्तकाने काय केलं’ म्हणून. मला त्यातला आधीचा भाग आवडतो. तो माणूस आधी टिळकांशी कवितेवर बोलला. आणि टिळकांना येशूपर्यंत आणलं ते त्या गोऱ्याने एकट्याने नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळकच सांगत. शिवाय घरात लक्ष्मीबाई होत्या. नवरा बाटला म्हणून वेगळ्या राहिलेल्या, सोवळं सांभाळणाऱ्या, आणि काही वर्षांनी आपल्या पायांनी, आपल्या वेळेला बाप्तिस्म्याला आलेल्या. त्यांना कोणी रेल्वेत पुस्तक देऊन आणलं नव्हतं. टिळकांची भजनं आम्ही आजही पेटीवर म्हणतो. सुरुवातीला आमच्या शेजारच्या आजींना वाटायचं, आमच्याकडे दर गुरुवारी दत्ताचं भजन असतं.

आता कायद्याचं. मध्य प्रदेशात राहून हा विषय टाळता येत नाही. होळकरांच्या काळापासून हे भांडण इथे आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरात आले १८७७ साली आणि बाजारात उभं राहून उपदेश करण्यावरून दरबाराशी त्यांचे खटके उडालेच. त्यांनीच १८८७ साली काढलेलं ख्रिश्चन कॉलेज मात्र इंदूरने आपलं मानलं; किशोरकुमार तिथे शिकले हे कोणीही इंदुरी माणूस आधी सांगेल, मिशनचं नंतर. स्वातंत्र्यानंतर मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी नियोगी समिती झाली, १९५६ साली तिचा अहवाल आला, १९६८ साली राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ साली निकाल लागला: घटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क दिलाय, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. २०२१च्या नव्या कायद्यात, धर्म बदलायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवण्याची अट आहे आणि बळ, कपट, प्रलोभन यांना तुरुंग आहे.

बळाने, फसवून किंवा लालूच दाखवून कोणी माझ्या प्रभूकडे यावा असं मला वाटत नाही, त्यामुळे त्या शब्दांशी माझं भांडण नाही. पण प्रलोभन म्हणजे काय याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की तिच्यात भेटवस्तू येते, नोकरी येते, धर्मसंस्थेच्या चांगल्या शाळेतलं शिक्षण येतं. पणजोबांचा बाक आज या कायद्यात बसला असता. आणि विश्वासाला साठ दिवसांची नोटीस कशी द्यायची? कोणत्या तारखेपासून मोजायचं? नाताळच्या आठवड्यात मी करंज्या-चकल्यांची ताटं घेऊन गल्लीत फिरते तेव्हा नवरा चेष्टेने म्हणतो, ‘कलेक्टरला कळवलंस का?’ चेष्टाच, पण गेल्या काही वर्षांत तो ती दाराबाहेर करत नाही.

ताटावरून आठवलं. ताटं एकाच दिशेने जात नाहीत. गौरी-गणपतीत माझ्याकडे इतके मोदक येतात की लॅबमध्ये वाटावे लागतात, आणि प्रसाद खायचा की नाही हा आमच्यात जुना वाद. आई खायची नाही. नम्रपणे घ्यायची, कपाळाला न लावता डब्यात ठेवायची आणि कामवालीला द्यायची. मी खाते. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय: कोणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, विचारत बसू नका, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी म्हणून खाऊ नका. आई दुसऱ्या वाक्यावर चालायची, मी पहिल्यावर चालते. रामबागेतल्या एका वहिनींनी यातून सुंदर वाट काढली. त्या दोन वाट्या भरतात. ‘ही नैवेद्याच्या आधी काढून ठेवलेली, ही नंतरची. तुमचं जे असेल ते बघा.’ माझ्या विश्वासाची इतकी काळजी आमच्या मंडळीतसुद्धा फार जणांनी घेतलेली नाही. तेव्हापासून त्यांच्यासाठीचा केक मी वेगळ्या भांड्यात, बिनअंड्याचा करते. दह्याने फुगतो, जरा दडस होतो.

प्रार्थनेची गोष्ट निराळी. ती लोक आपण होऊन मागतात. किडनीचा आजार असलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीने मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. ‘तुमच्या येशूला सांगा ना यांच्यासाठी.’ मी विचारलं, इथे करू की घरी जाऊन? त्यांनी एकदा देवघराकडे पाहिलं, एकदा आतल्या खोलीकडे. ‘इथेच करा, पण हळू. सासूबाई जाग्या आहेत.’ फ्रिजला टेकून मी चार वाक्यांत मागणं केलं: वेदना कमी होऊ दे, डॉक्टरांना सुबुद्धी दे, या बाईला झोप दे, आमेन. त्यांनी डोळे उघडले, समोरच्या अन्नपूर्णेला हात जोडले आणि मला पोहे दिले, वर शेव आणि जिरावन. त्या महिन्यात क्रिएटिनिन वाढलंच. तो रिपोर्ट मीच नेऊन दिला. प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या चंगाई सभांमध्ये माइकवरून जे दावे करतात ते ऐकून माझ्या अंगावर काटा येतो तो यामुळे. ज्याला दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पोचवायचा नसतो त्याला काहीही बोलता येतं. त्या बाई अजून मागणं करायला सांगतात. यजमान गेल्यावरही सांगतात, आता स्वतःसाठी.

ख्रिस्ती श्रद्धेबद्दल इंदुरात सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणी प्रवचनातून सांगितलेली नाही. सिस्टर राणी मरिया. केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या. सावकाराच्या कर्जातून त्यांना सोडवायच्या, म्हणून काहींच्या डोळ्यांत खुपत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ला त्या इंदूरला यायच्या बसमध्ये बसल्या आणि वाटेत, भरल्या बसमध्ये, एकाने सुऱ्याचे वार करून त्यांना मारलं. वय एक्केचाळीस. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२च्या राखीला राणी मरियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्याच्या हाताला राखी बांधून आली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ साली तो सुटला. नंतर तो केरळात जाऊन त्यांच्या आईलाही भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदुरातच राणी मरियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा रस्त्यावरची गर्दी पाहून रिक्षावाला मला विचारत होता, ‘भिया, कोई नेता आया क्या?’ (इंदुरात बाईलाही भिया म्हणतात, तोंडातून जातंच.)

मी प्रोटेस्टंट, ‘धन्य’, ‘संत’ हे आमच्यात नाही. पण या गोष्टीत काय सांगितलंय ते बघा. सेल्मी पॉलने राखी निवडली. माळव्यातल्या तुरुंगातल्या हिंदू माणसाला क्षमा कळावी म्हणून तिने त्याच्याच आईने-बहिणीने हाताळलेली वस्तू घेतली. त्याने धर्म बदलावा अशी अट त्या दोऱ्याला नव्हती. क्षमेला अट घातली की तिची वसुली सुरू होते, आणि सावकारांशी तर राणी मरियांचं भांडणच होतं. तरीही ही गोष्ट मी कोणाला आपण होऊन सांगत नाही. उदयनगरकडचं कोणी भेटलं आणि त्यांनीच काढली तर ऐकते. त्यांच्या तोंडून ती चांगली लागते.

सध्या माझ्या भागात बायबल वाचणारा एकच माणूस आहे, आणि तो अतिशय भांडकुदळ आहे. सुदामा नगरचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे. उभा जन्म एका कापड गिरणीत हजेरी मांडण्यात गेला. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला. युनियनचे जुने कार्यकर्ते. दर तीन महिन्यांनी त्यांची एचबीएवनसी ही साखरेची तपासणी असते, तेव्हा माझी फेरी होते. स्कूटीच्या डिकीत मी एक मराठी नवा करार ठेवते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. ‘ते पुस्तक द्या इकडे, ज्ञानेश्वरी तिसऱ्यांदा संपली’ म्हणाले. दिलं. पुढच्या फेरीला पट्टा बांधायच्या आत हल्ला: ‘अंजिराच्या झाडाला शाप का दिला यांनी? मार्कात स्पष्ट लिहिलंय, अंजिरांचा हंगाम नव्हता. झाडाचा काय दोष?’ मी म्हटलं, आजोबा, विद्वान लोक म्हणतात झाड म्हणजे तिथलं मंदिर, ज्याच्या आधी आणि नंतर ही गोष्ट येते. ‘विद्वान राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?’ मला वाटतं, त्याला भूक लागली होती आणि तो फार चिडलेला होता. यावर ते पहिल्यांदा गप्प झाले. ‘हं. चिडतो का तो? हे बरंय.’

त्यानंतरच्या फेऱ्यांत येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या मुलाच्या थोरल्या भावाची बाजू त्यांनी माझ्यापुढे वकिलासारखी मांडली, येशूला पकडून देणारा यहूदा म्हणजे दत्तक गेलेला मुलगा, असा एक स्वतःचाच सिद्धांत सांगितला, डोंगरावरच्या प्रवचनाला ‘छान’ असा शेरा देऊन पुढे गेले. टिळक जिथे अडकले तिथे हे थांबलेसुद्धा नाहीत. सूनबाई चहा आणताना डोळ्यांनी मला विचारतात, हे बाटणार तर नाहीत ना? मी मान हलवते. हे स्वतः येशू आला तरी त्याच्याकडून आधी हजेरी घेतील.

मागच्या खेपेला ते अडले मत्तयाच्या विसाव्या अध्यायाशी. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी, दुपारी आणि दिवस बुडायच्या एक तास आधी, असे मजूर बोलावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. आजोबांनी चश्मा काढून पुस्तकावर ठेवला. ‘बारा तास आणि एक तास, सारखाच पगार? मी चाळीस वर्षं पाच-पाच मिनिटं कापली लोकांची!’ मग इंदूरच्या गिरण्यांचा विषय निघाला. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ला. तीस वर्षं. वाट बघता बघता किती गेले. ‘नाताळ होता ना तुमचा त्या दिवशी?’ हो, नाताळच होता. ‘हिशेब असा असतो बाई. मिनिटाचा असतो. त्याशिवाय मालक एक पैसा सोडत नाही.’

मी त्यांचा दंड सोडला, कापूस दिला. म्हटलं, आजोबा, जो मजूर संध्याकाळपर्यंत चौकात उभा राहिला, कोणीच नेलं नाही, तो एका तासाची मजुरी घेऊन घरी गेला असता तर पोरांना काय घातलं असतं?

त्यांनी कापूस दाबून धरला होता. बराच वेळ दाबून धरला.

‘ते कळलं मला,’ ते म्हणाले. ‘पण युनियनला काय सांगू?’